सोपाऱ्याचा स्तूप आणि फोर्टातली पेटी

नालासोपारा स्टेशनला पश्चिमेकडे उतरा आणि रिक्षावाल्याला बौद्ध स्तूप सांगा. इमारतींची दाटी संपते, झाडी लागते आणि समोर येतं विटांचं एक बसकं टेकाड. जुनी माणसं याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं हे संरक्षित स्मारक.

अस्थींवर मातीचा उंचवटा रचायची रीत बुद्धाच्याही आधीची. स्तूप त्याच रीतीतून घडला. सोपारा तेव्हा शूर्पारक होतं, पश्चिम किनाऱ्यावरचं नांदतं बंदर.

एप्रिल १८८२. पंडित भगवानलाल इंद्रजी इथे खणायला आले. मूळचे जुनागढचे पुरातत्त्व संशोधक, मुंबईत प्राच्यविद्येचे अभ्यासक डॉ. भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले. टेकाडाच्या मध्यभागी त्यांना विटांची कुपी लागली आणि तिच्यात एक गोल दगडी पेटी. झाकण काढलं. मधोमध तांब्याचा करंडक, भोवती कडं करून बसलेल्या आठ लहान ब्राँझमूर्ती: सात मानुषी बुद्ध, म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले बुद्ध, आणि आठवा, अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा. त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, आणि सगळ्यांत आत सोन्याचा. त्या इवल्याशा सोन्याच्या डबीत काय जपलं होतं? सोन्याची फुलं आणि साध्या मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे हे तुकडे, असं भगवानलालांचं मत होतं.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचंच. पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं आहे, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे मधे काही शतकं गेल्यावर कुणीतरी हा स्तूप पुन्हा उघडला, आतलं सगळं जागच्या जागी राहू दिलं, भोवती बुद्ध बसवले आणि पुन्हा बंद केला. त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत. पण इतक्या शतकांनंतरही सोपाऱ्यात या खापऱ्यांची किंमत जाणणारी माणसं होती, याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा?

१८८२ सालीच इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा मिळाला १९५६ साली, जवळच्या भुईगावात.

पेटी आणि मूर्ती आज फोर्टात, एशियाटिक सोसायटीकडे आहेत. टेकाड इथे, त्याचा गाभा चर्चगेटच्या टोकाला. बुद्धपौर्णिमेला इथे माणसं फुलं घेऊन येतात, विटांपुढे हात जोडतात. मुलांना इथे आणाल, तेव्हा त्या पेटीचे फोटो आधी नक्की दाखवा. मग या विटांच्या आत काय होतं, ते त्यांना विचारावं लागणार नाही.