गेडच्या बाजूचे, टेनारच्या बाजूचे

नमस्कार श्रोतेहो.

नौपाड्यातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर सध्या दोन तट पडलेत. कट्ट्याला नववी-दहावीची मुलं येतात, कॉलेजातली येतात, त्यांच्या आया येतात, एक-दोन आजीही आहेत. भांडण चाललंय ते एका अमेरिकन लेखिकेवरून. उर्सुला ल ग्विन, २०१८ साली गेल्या. ‘अर्थसी’ नावाच्या बेटांच्या जगावर त्यांनी किशोरांसाठी अद्भुत कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचून कुणी डोक्यावर घेतंय, कुणी नाक मुरडतंय.

भांडण कळायला आधी थोडी गोष्ट सांगते. १९६७ च्या सुमारास एका छोट्या प्रकाशकाने बाईंना विचारलं, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहाल का? बाईंच्या मनात आलं, गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे म्हातारे. पण तेही कधीतरी पोरगेलेच असतील ना? मग तेव्हा काय करत होते ते? पुढच्याच वर्षी ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ आलं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा गेड. अंगात ताकद भरपूर, मस्ती त्याहून जास्त. रोक बेटावरच्या जादूशाळेत एका मुलाशी त्याची चुरस लागते आणि फुशारकीच्या भरात हा मेलेल्यांमधून आत्मा बोलवायला जातो. त्याने जी फट पडते तिच्यातून एक काळी सावली निसटते आणि याच्या मागे लागते.

इथपर्यंत सगळे खूश. तक्रार सुरू होते ती पुढे. घोडबंदर रोडवरून येणारा आमचा एक दहावीतला मुलगा म्हणतो, “मावशी, एवढा मोठा जादूगार, आणि सारखा नुसता होडीत बसून!” खरंय त्याचं. पानोपानी धडाड्-धुडूम हवं असेल त्याला या पुस्तकात करमायचं नाही. मला मात्र ती होडीची पानंच जास्त आवडतात. आपण ठाणेकर तरी कुठे बेटाबाहेरचे? साष्टी बेटावरच राहतो. कळव्याचा पूल ओलांडताना आपण बेट सोडतोय हे कुणाच्या डोक्यात येतं?

बाईंच्या या जगात जादू म्हणजे प्रत्येक गोष्टीचं खरं नाव ठाऊक असणं. माणसालाही एक खरं नाव असतं आणि ते अगदी विश्वासातल्या माणसालाच सांगायचं. गेडला तेराव्या वर्षी थंडगार पाण्याच्या झऱ्यातून चालत जावं लागतं, आणि पलीकडे त्याचा गुरू ओगियन त्याला हळूच त्याचं नाव सांगतो. आमच्या एक आजी इंग्रजी वाचत नाहीत, नात त्यांना रोज रात्री गोष्ट सांगते. हा प्रसंग ऐकून त्या म्हणाल्या, “अगं, म्हणजे बारसंच की! आत्याच्या जागी गुरुजी.” यावर आणखी स्पष्टीकरण देण्याची मला गरज वाटली नाही.

आता रंगाचं. गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा जिवलग मित्र वेच काळा आहे, आणि धाड घालायला येणारे कार्ग लोक गोरे. पुस्तकात हे स्वच्छ लिहिलंय. तरी वर्षानुवर्षं कितीतरी मुखपृष्ठांवर गेड गोराच येत राहिला. २००४ मध्ये टीव्हीवर मालिका आली, त्यातही गोराच. तेव्हा बाईंनी जाहीर लेख लिहून मालिकावाल्यांची चांगली हजेरी घेतली. हे मी सांगितलं तर आमची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बऱ्याच जणांनी वाचताना गोराच मुलगा डोळ्यांसमोर आणला होता. नववीतली एक मुलगी तर पेन्सिल घेऊन मागची पानं उलटत बसली, ती ओळ सापडेपर्यंत कुणाशी बोलली नाही.

हीच मुलगी आणखी एका ओळीवर अडली होती. गाँट बेटावर एक म्हण आहे, बायकांच्या जादूसारखं कमजोर, बायकांच्या जादूसारखं दुष्ट. आणि रोकच्या शाळेत मुलींना प्रवेशच नाही. एका बाईने हे लिहावं? ती चिडली, आणि तिचं चिडणं रास्त आहे. १९७१ च्या दुसऱ्या पुस्तकात टेनार येते, वाळवंटातल्या देवस्थानाच्या भुयारांत अंधारात वाढलेली पुजारीण. इथे मुलगे कुरकुरतात, कारण गेड बऱ्याच उशिरा उगवतो. मला विचाराल तर सगळ्यांत कसदार पुस्तक हेच. १९७२ च्या तिसऱ्याला अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला, पण ते जरा संथ आहे. त्याच्या शेवटी गेड आपली सगळी जादू खर्चून बसतो एवढं लक्षात ठेवा.

मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, चौथं आलं, ‘टेहानू’. खरी ठिणगी इथे पडली. टेनार आता शेतकऱ्याची विधवा, मुलं मोठी झालेली. तिच्या पदरात एक भाजलेली पोर येते. त्या पोरीच्याच माणसांनी तिला आगीत लोटलेलं असतं. आणि गेड परततो तो शक्तिहीन, लाजलेला, लोकांची तोंडं चुकवणारा. पुन्हा शेळ्या राखायला लागतो. आमचा दहावीतला मुलगा भडकलाच. “तीन पुस्तकं ज्याच्यासाठी वाचली, त्याचं हे केलं?”

त्याच पुस्तकातला एक प्रसंग आयांनी मात्र मोठ्याने वाचायला लावला. टेनारचा मुलगा दर्यावरून घरी येतो आणि जेवून ताट तसंच टाकून उठतो. आई म्हणते, भांडी आवर. तो म्हणतो, हे बायकांचं काम. आई म्हणते, या स्वयंपाकघरात जो जेवतो त्याचं काम. तो ऐकत नाही, निघून जातो. कळव्याच्या एक ताई म्हणाल्या, “ड्रॅगन जाऊ दे, एवढंच घरी भिंतीवर लावते.”

म्हणजे मुलगे एकीकडे आणि बायका दुसरीकडे, असं मात्र समजू नका. ऐरोलीहून येणारी कॉलेजातली मुलगी टेनारची कट्टर भक्त, आणि तिलाच ‘टेहानू’ मुळीच पटलं नाही. भुयारातून बाहेर पडलेली मुलगी शेवटी चूल आणि शेतच सांभाळत बसली, याचा तिला राग आहे. मला हा आक्षेप सगळ्यांत वजनदार वाटतो. १९९२ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या भाषणात ल ग्विनबाईंनीच सांगितलं, की वीरकथा पुरुषांच्या वळणाने लिहायची हा रिवाज होता आणि आपण तो न तपासता चालवला. म्हणजे चौथ्या पुस्तकात त्या स्वतःच्याच पहिल्या तीन पुस्तकांशी भांडताहेत. त्या भांडणात गेडवर प्रेम करणारी पोरं मध्ये सापडली, आणि ती दुखावली तर त्यांचं वाचन कच्चं आहे असं मी म्हणणार नाही. माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. इतकं सावकाश, घट्ट विणलेलं पुस्तक शेवटच्या काही पानांत घाईने उरकलंय, आणि त्यातला दुष्ट जादूगार निव्वळ दुष्टच आहे, दुसरा पदरच नाही त्याला.

‘टेहानू’ला तेव्हा अर्थसीचं शेवटचं पुस्तक म्हटलं होतं. तरी २००१ मध्ये बाईंनी आणखी दोन काढली. २०१८ मध्ये चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांसह सगळी एकत्र छापली गेली. सुंदर आहे तो ग्रंथ, पण गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याने वाचायच्या कामाचा नाही.

घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल तर पहिली दोन बिनधास्त द्या. चौथं द्यायच्या आधी स्वतः वाचा, ती भाजलेली मुलगी सुरुवातीलाच भेटते. आणि नववी-दहावीतल्या मुलाने ते अर्ध्यावर आपटलं, तर लगेच पुन्हा हातात कोंबू नका. कॉलेजात गेल्यावर वाचेल, किंवा नाही वाचणार.

नमस्कार.