पलीकडच्या कोपऱ्यातला माणूस

नमस्कार श्रोतेहो.

बॉक्सिंगमध्ये एखादा खाली पडला की पंच दहापर्यंत आकडे मोजतो. तेवढ्यात तो उठला नाही तर लढत संपते. हरलेला घरी जातो, सुजलेला चेहरा शेकतो आणि पुढच्या लढतीच्या तयारीला लागतो. आज ज्या माणसाविषयी सांगणार आहे, त्याच्या रिंगमध्ये दोघांपैकी एकाच्या अंगातलं त्राण संपेपर्यंत लढायचं, असा नियम होता. पडला त्याची रवानगी मरणाकडे.

हर्त्स्को हाफ्ट हे त्याचं नाव. पुढे अमेरिकेत तो हॅरी हाफ्ट झाला. १९२५ साली पोलंडमधल्या बेल्हातूफ गावात, ज्यू घरात त्याचा जन्म झाला. नाझींनी त्याला आऊश्वित्झच्या छळछावणीत नेलं, तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. तिथून यावोझ्नोच्या उपछावणीत, कोळशाच्या खाणीत. तिथल्या एका नाझी अधिकाऱ्याने त्याचं दणकट शरीर हेरलं आणि अधिकाऱ्यांच्या करमणुकीसाठी त्याला कैद्यांशी लढायला उभं केलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे अशा लढती झाल्या ७६. आज जिवंत आहे म्हणजे काल कुणाला तरी पाडलं होतं, हा हिशोब घेऊन तो रोज झोपायचा.

बॅरी लेव्हिन्सन यांनी याच माणसावर ‘द सर्व्हायव्हर’ हा चित्रपट केला. २०२१ साली टोरोंटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला. हॅरी झालाय बेन फॉस्टर. छावणीतल्या दृश्यांसाठी त्याने जवळजवळ २८ किलो वजन उतरवलं. ती दृश्यं कृष्णधवल आहेत. फासळ्या मोजून घ्याव्यात असं ते अंग, खांदे पुढे काढून उभं राहणं, आणि डोळे मात्र सतत अधिकाऱ्याकडे लागलेले. मालकाच्या इशाऱ्याकडे बघणाऱ्या जनावराचे डोळे आठवतात. मला ते सहन होईना. मध्येच थांबवून पाणी प्यायला उठले.

१९४५ च्या एप्रिलमध्ये कैद्यांना मैलोन्‌मैल चालवत नेलं जात असताना हॅरी निसटला. १९४८ मध्ये अमेरिकेत पोचला आणि पुन्हा रिंगमध्येच उतरला, कारण दुसरं काही येत नव्हतं. १८ जुलै १९४९ रोजी प्रॉव्हिडन्स शहरात तो रॉकी मार्सियानोसमोर उभा राहिला. तोच मार्सियानो, जो पुढे जगज्जेता झाला आणि ४९ लढतींत एकदाही न हरता निवृत्त झाला. हॅरी तिसऱ्या फेरीत हरला. चित्रपटात ही लढत तो मागून घेतो ती लेआसाठी. युद्धात ताटातूट झालेली ही मुलगी जिवंत असेल, तर आपलं नाव पेपरात वाचेल, या एका आशेवर.

या प्रेमकथेवर चित्रपट जरा जास्तच रेलतो, असं मला वाटलं. अमेरिकेतला काही भाग हळवा झालाय. पण वार्ताहराला हॅरी छावणीतल्या लढतींची हकिगत सांगतो आणि त्याचेच ज्यू बांधव त्याच्यावर उलटतात, तिथे लेव्हिन्सन त्याची वकिली करत बसत नाहीत. ‘त्या जागी तुम्ही असता तर?’ हा प्रश्न न उच्चारता आपल्या पदरात टाकतात.

मार्सियानोनंतर हॅरीने बॉक्सिंग सोडलं, ब्रुकलिनमध्ये फळं-भाजीचं दुकान घातलं, संसार केला. घरात त्याचा राग भडकायचा. पोरांना त्याचं कारण ठाऊक नव्हतं. म्हातारपणी त्याने सगळं आपल्या मुलाला, ॲलनला सांगितलं. ॲलनने ते लिहिलं, २००६ मध्ये पुस्तक आलं, आणि पुढच्याच वर्षी हॅरी गेला. चित्रपट त्याच पुस्तकावरचा.

तुम्ही पाहाल तेव्हा एक करा. मी दुसऱ्यांदा पाहताना हॅरीकडे मुद्दाम पाहिलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यातून येणाऱ्या माणसाकडे पाहत राहिले. उघडं अंग, काडीसारखे दंड. मुठी कशा धरायच्या हेही त्याला कधी कुणी शिकवलेलं नाही. आणि तरी तो त्या वर उचलतो.

नमस्कार.