पाणी जिकडून येतं तिकडं चालत जा

नमस्कार मंडळी. सकाळचा चहा झाला असेल, नसेल झाला तर घेत घेत ऐका, कारण आज चालण्याबद्दल बोलायचंय आणि ते घाईत ऐकण्यासारखं नाहीये. चालायचं कुठं, तर साताऱ्यात. गड चढायचा नाही, दोर नको, धाप लागायचं काम नाही. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, ज्यांच्या कडेवर दोन वर्षांचं पोर आहे, ज्यांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चाला म्हणून सांगितलंय आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारून मारून जे कंटाळलेत, त्यांच्यासाठी आजचं हे बोलणं.

साताऱ्याला जुन्या पेठा आहेत, लगेच वर जंगल आहे आणि त्याच्या वर सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची सपाटी. तिन्ही एका दिवसात उरकायचा हट्ट करू नका, तीन वेगळ्या सकाळी करा. पण या तिघांना बांधणारी एक गोष्ट आहे, आणि ती म्हणजे पाणी. सड्यावर पडलेला पाऊस जंगलातून झिरपत खाली येतो आणि पेठांमधल्या माठात जातो, शेकडो वर्षं हेच चाललंय. म्हणून वाट शोधायला नकाशा लागत नाही, पाणी जिकडून येतं तिकडं चालत जायचं. परत सांगते, पाणी जिकडून येतं तिकडं चालत जायचं.

पहिली सकाळ पेठांची. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढं त्यांनी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला हे शहर वसवलं. आता वस्ती वाढवायची तर पाणी पाहिजे, मग यवतेश्वरच्या डोंगराकडून खापरी नळानं, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळानं ते आणलं, नुसत्या उतारानं, हौद भरत भरत. आजही पंचपाळे हौद म्हटलं की रिक्षावाला बरोबर सोडतो. राजवाड्यापाशी सुरुवात करा, मोती तळं बघा, मंगळवार तळं बघा, मग वरच्या रस्त्यानं जा आणि खालच्या रस्त्यानं परत या. बाहेरच्या माणसाला वरचा रस्ता, खालचा रस्ता म्हणजे काय ते कळत नाही, सातारकराला दुसरी नावं लागत नाहीत. राजवाड्यापाशी मात्र दोन मिनिटं थांबाच. तिथं भरणाऱ्या सरकारी शाळेत, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचा प्रवेश झाला, आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मी दर वेळी तिथं उभी राहते आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

आणि पेठेतून निघताना कंदी पेढे घ्या, पण एक विनंती आहे, ते फ्रीजमध्ये ठेवू नका हो. तो खवा खमंग भाजलेला असतो, चांगला तांबूस होईपर्यंत, फ्रीजमध्ये त्याचा दगड होतो आणि मग लोक म्हणतात पूर्वीसारखी चव राहिली नाही.

बरं, आता सडा. कासचा सडा, साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढून गाडीनंच वर जायचं आणि मग सपाटीवर चालायचं. सडा म्हणजे वर जांभा दगडाचं सपाट टक्कल आणि त्याच्यावर मातीचा पातळ थर, कुठं चार बोटं तर कुठं तेवढाही नाही. उन्हाळ्यात गेलात तर काळा कोरडा कातळ आणि वाळलेलं गवत, इथं काय आहे असं वाटेल. पावसाळ्यात तेच पाणी दगडात लवकर मुरत नाही, डबकी साचतात आणि ऑगस्टच्या शेवटापासून तिथं गालिचा पसरतो. तेरडा, गेंद, सीतेची आसवं, नंतर पिवळी सोनकी, आणि टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा. साडेआठशेच्या वर जातींच्या फुलझाडांची नोंद आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा मिळाला त्यात कास आहे. आणि त्या पिवळ्या दोन कानांच्या फुलाला सगळे मिकी माउस म्हणतात, गाइडसुद्धा. आपल्याकडं त्याला कवला म्हणतात. लहान पोरांना पहिल्यांदा कवला सांगा ना, मिकी माउस ती टीव्हीवर बघतातच.

सड्यावर कसं चालायचं, तर हळू चाला आणि खाली बघा. एवढंच. हळू चाला, खाली बघा. हे मला कोणी शिकवलं ते आता सांगते.

माझी आत्या. शनिवार पेठेत जन्मली, लग्न होऊन दोन बोळ सोडून पलीकडं गेली, सगळं आयुष्य साताऱ्यात. वय ७६, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आणि ही बाई कधी कासला गेलीच नव्हती. साताऱ्याला कास तलावाचं पाणी येतं, इंग्रजांच्या काळापासून येतं, तर आत्या म्हणाली, "अगं, जन्मभर त्याचं पाणी पितेय, मरायच्या आधी एकदा त्याचं तोंड तरी बघू दे." झालं, गौरी दोन दिवसांवर आलेल्या, मंगळवार होता, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी नाही. मी ऑनलाइन बुकिंग केलं, रोज ठरावीकच लोकांना सोडतात तिथं आणि ते बरोबरच आहे. गाडीत आम्ही दोघी, माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. आत्याच्या मांडीवर फुलांची परडी. मी म्हटलं परडी कशाला गं, तर म्हणाली फुलं बघायला चाललोय ना.

वर गेलो तर पाऊस नुकताच थांबलेला, सगळं ओलंचिंब. पोरं फोटोच्या जागेकडं पळाली, भाऊ-वहिनी त्यांच्यामागं. मी आत्याचा हात धरून वाटेवरून निघाले, वीस पावलं टाकायची, थांबायचं, वीस पावलं टाकायची, थांबायचं. मनातल्या मनात माझी घालमेल, अशानं ही बघणार काय आणि सगळे पुढं जाणार. आणि एका उताराशी आत्या थबकलीच. समोर तेरडाच तेरडा, लांबवर गुलाबी. आमच्याकडं गौरी तेरड्याची असते, मंडईत जुडी मिळते, ती आणायची आणि वाजतगाजत घरात घ्यायची. आत्यानं जन्मभर तेरडा जुडीत बांधलेला बघितला होता, सुतळीनं आवळलेला. असा मुळावर उभा कधीच नाही. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे गौरीचं माहेर गं."

आणि वाकली तोडायला.

तेवढ्यात शिट्टी. बाजूच्याच गावातला एक पोरगा, वीस-बावीसचा असेल, देखरेखीला असतात ना तिथल्या गावांमधली पोरं, त्यातला. पळत आला. "आज्जी, तोडू नगा." आत्या काय ऐकणाऱ्यातली आहे होय? "अरे, मी काय वेणीत माळायला नेतेय? गौरीला नेतेय, देवीचं आहे." तो गरीब चेहऱ्यानं म्हणाला, "आज्जी, माझ्या आईची बी गौर हाय परवा. तिनं बी हितला न्हाई नेला. बांधावरचा आनला."

आत्या गप्प झाली. राग आला होता तिला, नाकपुड्या फुलल्या की आम्हाला कळतं. तिथंच वाटेकडेच्या जांभ्यावर बसली, खाली प्लास्टिकची पिशवी घालून. पोरगा जाईना. त्यालाही वाईट वाटलं असणार, आजीच्या वयाच्या बाईला अडवलं म्हणून. मग त्यानं गळ्यातलं भिंग काढलं, शिट्टीच्याच दोरीला बांधलेलं होतं, आणि म्हणाला, "आज्जी, बसलायसाच तर ह्ये बघा."

तिच्या पायाशी निळी-जांभळी फुलं होती, नखाएवढी, मधोमध पांढरा ठिपका, देठ दोऱ्यासारखा. आम्ही त्यांच्या शेजारी दहा मिनिटं उभ्या होतो आणि एकीलाही दिसली नव्हती. "सीतेची आसवं म्हंत्यात," तो म्हणाला. आत्याला उकिडवं बसता येत नाही, म्हणून तिनं पाय लांब सोडले, कोपरावर टेकली आणि भिंग डोळ्याला लावलं. तो सांगत होता, या मातीत कस नाही, म्हणून हे झाड बारके किडे खातं. ओल्या मातीत मुळांसारखे धागे आणि त्यांना खसखशीएवढ्या पिशव्या, किडा दाराशी आला की पिशवीचं दार उघडतं आणि पाण्याबरोबर तो आत ओढला जातो. आत्यानं भिंग खाली घेतलं. "एवढंसं ते आणि पोटाची केवढी सोय केलीय बघ," असं म्हणाली आणि परत भिंग लावलं.

मग पाऊस भुरभुरायला लागला. पोरानं आमची छत्री घेतली आणि तिच्या डोक्यावर धरली. छत्रीच बरी मंडळी, मी नेहमी सांगते, रेनकोटात माणूस आतून भिजतो आणि दुसऱ्याला काही आडोसा होत नाही. अर्धा तास ते दोघं तसेच, ही आडवी आणि तो छत्री धरून वाकलेला. गेंदाची पांढरी बटणं बघितली, दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब बघितले, त्यात अडकलेलं चिलट बघितलं. मी शेजारी होते, आणि खरं सांगते, कासला पाच वेळा गेलेली मी, दवबिंदू त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

आणि मग धुकं आलं. कास सड्यावरचं धुकं बघितलंय का कधी? समोरून भिंत यावी तसं येतं. हाताच्या अंतरावर काही दिसेना. भावाची हाक ऐकू येते पण कुठून ते कळत नाही, पोरं रडायला लागलेली. तो शिट्टीवाला पोरगा म्हणाला कुणी हलू नका, आणि थांबून थांबून शिट्टी वाजवत राहिला. शिट्टीच्या अंगानं एकेक जण येत गेला, आधी वहिनी, मग भाऊ दोन्ही पोरांना घेऊन. आत्यानं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि पहिला पेढा त्या पोराच्या हातावर ठेवला.

येताना तलावावर थांबलो. आता जंगलाचं पटकन सांगते, वेळ कमी उरलाय. तलावाच्या भोवती दाट सदाहरित झाडी आहे, जांभूळ, अंजनी, हिरडा, गेळा, आणि कासा नावाच्या झाडावरून कास नाव पडलं असं सांगतात. सावलीतली वाट आहे, फार चढ नाही, पण पावसाळ्यात बूट घसरतात, तळाला पकड असलेले घाला. शहराजवळच हवं असेल तर यवतेश्वरच्या पायथ्याला महादऱ्याचं दगडी तळं आहे आणि भोवतीचं रान, सरकारनं ते फुलपाखरांसाठी राखीव केलंय, दिवाळीच्या आधी सकाळी नऊ-दहाला ऊन पडल्यावर जा. स्पीकर नेऊ नका. गाणी ऐकायला घरं आहेत, रानात पक्ष्यांना बोलू द्या. प्लास्टिक परत आणा, हे तुम्हाला सांगायला नकोच.

तर तलावाशी आत्यानं काठाच्या आधीच चपला काढल्या. नातू पाण्याकडं धावला, पाय बुडवायला, तर त्याला दंडाला धरून मागं ओढलं. "पिण्याचं पाणी आहे ते." मग हात जोडून उभी राहिली, बराच वेळ. परडी तशीच रिकामी, काखेत.

साताऱ्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. मंडईपाशी तिनं गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला बायका तेरड्याच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. एकीसमोर आत्या उभी राहिली आणि भाव विचारायच्या आधी विचारलं, "कुठला गं हा तेरडा?" ती म्हणाली, "आमच्या बांधावरचा, काकू." आत्यानं दोन जुड्या घेतल्या, सुतळी सोडली आणि तेरडा परडीत मोकळा ठेवला.

नमस्कार.