रेडकू धरणारा पोरगा

रामराम मंडळी! आज बोलायचंय अशा पोरापोरींबद्दल जे गाणं स्वतः लिहितात, चाल स्वतः लावतात आणि गातात पण स्वतःच, पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही. जयपूरचा प्रतीक कुहाड याच वाटेनं आला, २०१९ साली त्याचं गाणं बराक ओबामांच्या वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत होतं. पण मला कधीपासून सांगायचंय ते आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या एका पोराचं.

गंगावेशीचा दूध कट्टा तुम्हाला काय सांगायचा, म्हशीची धार समोरच काढून ताजं दूध देतात तिथं! ह्याचे वडील तिथं म्हैस घेऊन यायचे, त्यांच्यावर ह्यानं गाणं केलं. खिडकीला आजीची गोधडी टांगायची, रस्ता शांत व्हायची वाट बघायची आणि मोबाइलवरच रेकॉर्ड करायचं, असं सगळं. मग एका कॅफेत ते गाणं गायला, मी पण होतो तिथं. त्यात एक ओळ होती, धार संपली की म्हैस रेकते. टाळ्या पडल्या आणि मागं बसलेले एक मामा उठून म्हणाले, "पोरा, चाल लई भारी हाय, पण म्हस धारंच्या आधी रेकती, रेडकासाठी. रेडकू लुचलं की पान्हवती, मग बसायचं धारंला."

पोरगा गप्प. जरा वेळानं म्हणतो, "मामा, बरोबर हाय तुमचं. रेडकाचं दावं धरून उभं राहायचं काम माझंच होतं की." तो लहान होता, वडील पहाटे हाक मारून उठवायचे, हे गाण्यात कुठं आलंच नव्हतं. घरी जाऊन त्यानं दुसरं कडवं नवीन लिहिलं, त्यात वडील आहेत, म्हैस आहे आणि दावं धरून पेंगणारा तो स्वतः आहे. आता ते कडवं आलं की माझा गळा दाटतो, खरंच सांगतो.

मला असली गाणी पाहिजेत बघा, ज्यात माणसाचं स्वतःचं काहीतरी आहे. आणि आवाज बेताचा. मिरवणुकीत छाती हादरवणारा डॉल्बी लावायचा कशाला, आपली हलगी काय कमी आहे का? एक हलगीवाला चांगला असला तर अख्खी गल्ली नाचते, आणि म्हाताऱ्या माणसांना दारं लावून बसावं लागत नाही.

तर मंडळी, एक करा. गाणं निदान ३० सेकंद तरी ऐका. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ते ऐकलं म्हणून मोजतच नाहीत, आणि २०२४ पासून तर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. म्हणून सांगतो, ३० सेकंद, लगेच पुढं ढकलू नका. आणि असल्या पोरांचा कार्यक्रम जवळपास असला तर तिकीट काढून जावा, फुकट पास मागू नका.

आता त्याचंच गाणं लावतोय, रेडिओचा आवाज जरा वाढवा, दुसरं कडवं चुकवू नका.