तीनदा ‘गोदावरी’ म्हणेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गनिरीक्षण म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. मागच्या बाकावर केंद्रप्रमुख, मांडीवर नोंदवही, बाजूला बाईंचं टाचण, आणि 35 मिनिटांनी शेरेबहीत दोन ओळी: अध्यापन समाधानकारक, शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा. आता त्या बाकावर मोबाईलही आलाय. तास ध्वनिमुद्रित करायचा आणि एआयच्या हवाली करायचा. शिक्षक किती मिनिटं बोलले, मुलं किती बोलली, प्रश्न किती झाले, असा तक्ता थोड्याच वेळात तयार होतो.

या यंत्राकडून सगळ्यात आधी काय मोजून घ्यावं? शांतता. हो, शांतताच. का, ते एका गोष्टीतून सांगायला हवं.

मेरी बड रो या अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक. प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांच्या शेकडो ध्वनिफिती त्यांनी ऐकल्या. मुलांच्या हातात प्रयोगाचं साहित्य होतं, विषय रंजक होते, तरी मुलांचं बोलणं एका-दोन शब्दांत संपायचं. प्रश्न, उत्तर, पुढचा प्रश्न, असा सपाटा. मोजक्या फितींत मात्र मुलं एकमेकांशी वाद घालत होती, ‘पण असं झालं तर?’ म्हणत होती. या तासांत वेगळं काय होतं? रो यांनी शब्दांऐवजी शब्दांमधल्या जागा मोजल्या. बहुतेक वर्गांत प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. एकच सेकंद! तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर प्रश्न दुसऱ्याकडे, नाहीतर उत्तर स्वतःच देऊन मोकळे. त्या मोजक्या वर्गांत थांबणं सुमारे तीन सेकंदांचं होतं.

मग त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं कित्येक पटींनी लांबली. ‘माहीत नाही’ कमी झालं. एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. मुलाचं उत्तर संपल्यावरही शिक्षक तीन सेकंद थांबले, लगेच ‘छान’ म्हणाले नाहीत, तर मूल पुढे बोलतं, कारण सांगतं. आणि मनाला लागणारी तिसरी गोष्ट: वर्गातल्या हुशार समजल्या जाणाऱ्या पाच मुलांसाठी शिक्षक जवळपास दोन सेकंद थांबत होते, आणि मागे पडलेल्या पाच मुलांसाठी एक सेकंदही नाही. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच कमी मिळत होता. रो यांचा हा निबंध 1974 साली प्रसिद्ध झाला.

तीन सेकंद म्हणजे किती? मनातल्या मनात सावकाश ‘गोदावरी, गोदावरी, गोदावरी’ म्हणा. झाले तीन सेकंद. पुन्हा सांगतो: प्रश्नानंतर तीनदा गोदावरी, उत्तरानंतरही तीनदा गोदावरी.

बी.एड. झालेल्यांना फ्लँडर्सची पद्धत आठवत असेल, वर्गात त्या क्षणी कोण आणि कशा प्रकारचं बोलतंय ते टिपण्याची. दर तीन सेकंदांनी एक खूण, म्हणजे 35 मिनिटांच्या तासाला 700 खुणा. तेवढं करणाऱ्या निरीक्षकाला मुलांच्या चेहऱ्याकडे बघायला सवड कुठली? ती मोजणी यंत्राने करावी, म्हणजे माणसाची नजर मोकळी राहते.

आता कृती. साधा कॉलर माइक शिक्षकाला लावा, मोबाईल खिशात, फ्लाइट मोडवर. टेबलावर ठेवलेला मोबाईल पंख्याची घरघर आणि खडूची टकटकच जास्त पकडतो. इगतपुरी, पेठकडे पत्र्याच्या वर्गखोलीत जुलैत ध्वनिमुद्रण करूच नका, पावसाखाली सगळं बुडतं. 64 केबीपीएस या ध्वनिदर्जावर 35 मिनिटांची फाईल साधारण 17 एमबीची होते, रेंज मिळाली की पाठवता येते. अ‍ॅपमध्ये शांतता कापून टाकण्याची सोय असेल तर ती आधी बंद करा. नाहीतर मोजायची तीच गोष्ट गळते.

चुका कुठे होतात? ‘कळलं का?’, ‘हो ना?’ हेही यंत्र प्रश्न म्हणून मोजतं, आणि प्रश्नांचा आकडा फुगतो. फळ्यावर लिहितानाची शांतता त्याला थांबण्यासारखीच वाटते, म्हणून निरीक्षकाने त्या वेळा वहीत टिपाव्यात. काही प्रणाली तर शांततेच्या जागी कुणीही न बोललेली वाक्यं घालतात. बागलाणात मूल अहिराणीत, सुरगाण्यात तिथल्या कोकणा आदिवासी बोलीत बोललं की यंत्राने उतरवलेलं लिखाण कोलमडतं, आणि ‘विद्यार्थी सहभाग कमी’ असा निष्कर्ष येतो. मूल बोललं होतं, यंत्राला कळलं नव्हतं. सगळा वर्ग एकसुरात बोलला तर एकच आवाज धरला जाऊ शकतो.

म्हणून अहवाल आला की ध्वनिमुद्रणातल्या तीन जागा निवडा, सुरुवात, मध्य, शेवट. प्रत्येकी दोन मिनिटं लिखाण हातात घेऊन ऐका. सहा मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

आणि मूल्यमापन? यंत्राचा आकडा गोपनीय अहवालात जाऊ नये. आकडा चर्चेसाठी, गुणांसाठी नाही. एका तासावरून शिक्षक जोखता येत नाही. निदान तीन-चार तास, वेगवेगळ्या दिवशी, शक्य तर दोन निरीक्षक. एआयच्या सूचनांवरही विसंबू नका. 2023 सालच्या एका अभ्यासात चॅटजीपीटीने दिलेल्या सूचनांपैकी 82 टक्के, शिक्षक आधीच करत होते त्याच गोष्टींच्या निघाल्या. चेहऱ्यावरून मुलांचं लक्ष मोजतो म्हणणारी साधनं तर घेऊच नका. युरोपीय संघाने शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी 2025 पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळून. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक आहे आणि पालकांच्या संमतीवर भर आहे. पालकसभेत आधी विचारा, लेखी घ्या, मुलांची नावं काढून मगच फाईल पाठवा, आणि चर्चा झाली की ध्वनिमुद्रण पुसा.

तक्ता आधी शिक्षकाच्या हातात द्या. केंद्रप्रमुखांनी विचारायचं ते एवढंच: ‘या तासात तुम्ही कुणासाठी थांबलात?’ बाईंनी तीन मुलांची नावं सांगितली, तर पुढच्या भेटीत उरलेल्यांपैकी कुणाजवळ बसायचं ते तिथेच ठरवा. नमस्कार.