पाठीला स्पिरिट चोळायचं का?

नमस्कार मंडळी. नर्सिंगमध्ये सिद्धान्त आणि संशोधनाचं काय काम, असा विषय मला दिलाय. पुस्तकी वाटतो ना? म्हणून मी फक्त पाठीबद्दल बोलणार आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीबद्दल.

आम्ही विद्यार्थिनी होतो तेव्हा सकाळी ट्रॉली घेऊन निघायचो. साबण, गरम पाणी, स्पिरिट, पावडर. पेशंटला कुशीवर करायचं आणि माकडहाडापाशी खसाखसा चोळायचं. लाल दिसलं की आणखी जोरात. त्यानं बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होत नाही, असं सीनियर सिस्टर सांगायच्या. त्यांना त्यांच्या सीनियरनी सांगितलेलं.

इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सनं हे तपासून पाहिलं. 1962 साली तिचा आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. कातडीला काय चोळता याला फारसा अर्थ नाही, तिच्यावरचा दाब वेळेवर हलवला पाहिजे, असा त्याचा रोख. आता तर लाल जागा चोळूच नका म्हणतात. खालच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच दबलेल्या असतात, चोळण्यानं त्यांना आणखी इजा होते.

मग 1987 मध्ये अमेरिकेतल्या बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची, पेशंटला बेडसोरचा धोका किती हे मोजायची मोजपट्टी आली. तिच्यामागे एक साधा विचार होता: दाब किती आणि किती वेळ, आणि तो सोसायची कातडीची ताकद किती. एवढं मांडल्यावर पेशंटचं जेवण, ओलावा, चादरीवरचं घसरणं हे सगळं पाठीच्याच हिशेबात आलं. तोवर जेवणाचं ताट आणि जखम यांचा संबंध आम्ही कुठे लावत होतो!

पण पुस्तकात लिहिलेली ‘लाली’ सावळ्या कातडीवर दिसतेच असं नाही. एका आजींची पाठ मी बघितली, ठीक वाटली. त्यांची सून म्हणाली, “सिस्टर, इथं हाताला कढत लागतंय.” बोट लावलं तर खरंच गरम आणि टणक. चौथ्या दिवशी तिथली कातडी सुटली. तेव्हापासून मी डोळ्यांआधी हात लावते.

दर दोन तासांनी कूस बदलायचा नियमही तपासला गेलाय. 2013 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या नर्सिंग होम्समधला अभ्यास आला. दाट फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी जखमांमध्ये ठळक फरक पडला नाही. हे ऐकून लगेच हुश्श करू नका. आपल्याकडच्या चेपलेल्या कापसाच्या गादीवर तो अभ्यास झालेला नाही. आमचे दोन तास चालूच राहू देत.

जाता जाता पाठीपलीकडचं एक: असाच दाब टाचांवरही येतो. घरी कुणी झोपून असेल, तर आज टाचा बघा. पाणी भरलेले ग्लोव्हज टाचेखाली ठेवतात, ते काढा. पोटरीखाली लांबट उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. उशी नसेल तर जुन्या साडीची घडीही चालते.