टर्बो बदलण्याआधी ऑइलचा रस्ता बघा

(दृश्य: वर्कबेंचवर सुटा केलेला टर्बो. एक बोट दांडा फिरवतं.)

हा दांडा आत्ता बोटाने फिरतोय. गाडी जोरात पळत असते तेव्हा तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या दोन्ही टोकांना पात्यांची चाकं असतात. एका टोकाचं चाक, म्हणजे टर्बाइन, इंजिनातून निघालेल्या तापलेल्या वायूने फिरतं, दुसऱ्या टोकाचं, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरून ओढलेली हवा इंजिनात दाबून भरतं, आणि मधल्या दोन बेअरिंगमध्ये ऑइलचा पातळ थर. इंजिन चालू असताना दांडा बेअरिंगला टेकत नाही, तो ऑइलवर तरंगतो. टर्बोला स्वतःचं वेगळं ऑइल नसतं. इंजिनाच्या चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या ऑइल साठण्याच्या भागात, जे आहे, जसं आहे, तेच इथे येतं.

(दृश्य: टेस्ट बेंचवरचं पेट्रोल इंजिन, अंधारात लाल झालेलं टर्बाइनचं घर.)

हा लाल रंग उष्णतेचा आहे. पूर्ण लोडवर पेट्रोल इंजिनाचा वायू ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. डिझेलमध्ये थोडा कमी. आता समजा, लांबचा चढ चढून आलेल्या गाडीची चावी थांबताक्षणी फिरवली. ऑइलचा पंप थांबला, पण हे घर तापलेलंच आहे आणि त्याची उष्णता बेअरिंगकडे सरकते आहे. आत उरलेलं ऑइल जागच्या जागी करपतं.

(दृश्य: ऑइल आणणारा बारीक पाईप उभा चिरलेला, जवळून.)

त्याचा हा परिणाम. पाईप आम्ही उभा चिरला आहे. कडेचा काळा, कडक थर नखाने निघत नाही. मुळात बारीक असलेल्या वाटेत आता किती जागा उरली आहे, ते बघा. एका दिवसात हे होत नाही. रोज थोडं थोडं साचतं, आणि ऑइल बदलायला जितका उशीर, तितकं जास्त. बऱ्याच नव्या टर्बोंच्या मधल्या भागाभोवती कूलंट फिरतं. काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही छोटा विजेचा पंप ते फिरवत राहतो. त्याचा उपयोग नक्की होतो. तरीही जोरात पळवलेली गाडी शेवटचे एक-दोन किलोमीटर शांत चालवावी, नाहीतर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करावी. थंड इंजिन चालू केल्या केल्या रेस करू नये, कारण ऑइलला इथवर पोहोचायला वेळ लागतो.

(दृश्य: ऑइलचे दोन डबे शेजारी शेजारी. कॅमेरा मागच्या बारीक अक्षरांवर.)

दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलंय. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा १०० अंशांवरचा दाटपणा. टर्बोच्या बेअरिंगला याहून जास्त ताप सोसावा लागतो. त्यासाठी १५० अंशांवरची वेगळी चाचणी आहे, तिला एचटीएचएस म्हणतात. युरोपच्या एसीईए मानकात सी३ वर्गाच्या ऑइलला इथे किमान ३.५ हा आकडा गाठावा लागतो. दुसऱ्या मानकाचं ५डब्ल्यू-३० मात्र ३ च्या किंचित खालीही चालतं. म्हणजे पुढचं लेबल सारखं आणि आतला माल वेगळा. मग दाट तेवढं चांगलं का? नाही. ज्या इंजिनाची रचनाच पातळ ऑइल धरून केली आहे, त्यात दाट ऑइल वेळेवर पोहोचत नाही. गाडीच्या पुस्तिकेत ग्रेडबरोबर मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक डब्याच्या मागे शोधा.

थेट इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो-पेट्रोल इंजिनांत आणखी एक धोका असतो. कमी आरपीएमवर जोर दिला की कधीकधी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हे वाढतं. म्हणून अमेरिकेच्या एपीआय मानकात २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे ऑइलचे वर्ग आले. डिझेलला धुराचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ असेल, तर कमी राख सोडणारा एसीईएचा सी वर्ग लागतो.

(दृश्य: सायलेन्सरमधून निळा धूर.)

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इथे बहुतेक जण लगेच टर्बो उतरवायला सांगतात. जरा थांबा. टर्बोचं सील रबराचं नसतं. पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक धातूची रिंग असते, आणि ती दोन्ही बाजूंच्या दाबातल्या फरकावर काम करते. ऑइल टर्बोतून खाली जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. म्हणूनच हा परतीचा पाईप इतका जाड आहे. तो चेपला, तुंबला, किंवा इंजिनाचा ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारी वाट, बंद पडून चेंबरमध्ये दाब वाढला, तर धडधाकट टर्बोही ऑइल टाकतो. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर असेल, तरी तेच. एअर फिल्टर चोंदला असेल, तर कॉम्प्रेसर आतून ऑइल ओढून घेतो. आधी हे तपासा.

(दृश्य: दांडा आडवा हलवून, मग पुढे-मागे ओढून बघणारा हात.)

आडवा किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर घाबरू नका, कोरड्या टर्बोत तो असतोच. पातं घराला घासत असेल किंवा दांडा पुढे-मागे सरकलेला बोटाला कळत असेल, तर मात्र टर्बो गेला. अशी गाडी चालवत राहिलात तर पात्यांचे तुकडे इंटरकूलरकडे, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जातात, आणि डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन आवाक्याबाहेर पळू शकतं.

पिकअप पडला, शिट्टीसारखा आवाज येतोय, स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड, दिसतंय? इंटरकूलरचे होस पाईप आणि क्लिपा बघा, मग व्हॅक्यूमच्या नळ्या. डिझेलमध्ये काजळीने अडकलेली हलती पातीही असतात. होसच्या आत ऑइलचा पातळ हात फिरलेला दिसला, तर ते नेहमीचं आहे.

(दृश्य: नवा टर्बो बसवताना.)

बदलायचाच ठरला, तर ऑइल आणणारा हा करपलेला फीड पाईप परत लावू नका. ऑइल आणि फिल्टर नवे घ्या. ऑइलच्या पॅकिंगला सिलिकॉन लावू नका, कारण त्याचे सुटलेले तुकडे हीच वाट बंद करतात. बसवताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात ताजं ऑइल ओता आणि दांडा हाताने फिरवा. मग इंधन तोडून, ऑइलचा दाब येईपर्यंत नुसता स्टार्टर मारा. इंजिन त्यानंतर चालू करा. काही मिनिटं आयडलवर ठेवा, परतीच्या पाईपचे जोड गळतायत का बघा, बंद करा आणि डिपस्टिक पुन्हा तपासा.